आधी मोजा, मग बोला : संथ नेटवर्कचा एक धडा

(युवा अभ्यास शिबिरात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजचा विषय तुम्हाला जरा कोरडा वाटेल. एका खोलीतल्या दोन कॉम्प्युटरमध्ये फाइल पाठवताना वेग का पडतो आणि त्याचे कारण कसे शोधायचे, याबद्दल मी बोलणार आहे. पण सुरुवात करतो माझ्याच एका चुकीपासून.

आमच्या अभ्यासिकेतल्या मुलामुलींनी वर्षभर फिरून यंत्रमागावर आयुष्य काढलेल्या वृद्धांच्या मुलाखती चित्रित केल्या होत्या. व्हिडिओ झाले १६० जीबी. शिवाय जुनी फोटो, पगाराची कार्डे, पत्रे असे ४० हजार स्कॅन, ते सुमारे १२ जीबी. हे सगळे एका कॉम्प्युटरवर होते, आणि तो कॉम्प्युटर उसना आणलेला होता. एके दिवशी दुपारी मालकाचा निरोप आला की संध्याकाळी सहा वाजता न्यायला येतो. दुसरी प्रत कुठेच नव्हती. मुलाखत दिलेल्यांपैकी दोघे तोपर्यंत वारले होते. म्हणजे पुन्हा चित्रीकरण करू, असे म्हणायचीही सोय नव्हती.

दोन वाजता आम्ही अभ्यासिकेच्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर व्हिडिओ पाठवायला सुरुवात केली. वेग दिसत होता सेकंदाला ११ एमबी. हिशेब केला तर नुसत्या व्हिडिओंनाच चार तास लागणार होते. मी वैतागलो. कोपऱ्यात एक मुलगी लॅपटॉपवर स्पर्धा परीक्षेचे लेक्चर बघत होती. मी सगळ्यांसमोर तिला म्हणालो, "तुझ्यामुळे नेट अडकलंय, बंद कर ते." ती म्हणाली, "भाई, मी तर वाय-फायवर आहे." तरी मी तिला उठवलेच. लॅपटॉप बंद झाला. वेग तेवढाच राहिला, ११.

मग एका दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, राउटर आणि सगळी वायरिंग बदला, २२ हजार होतील. म्हणजे आमच्याकडे एक आळ होता आणि एक अंदाजपत्रक होते, पण कारण कोणालाच माहीत नव्हते. शेवटी अकरावीतला एक मुलगा म्हणाला, "भाई, हा आकडा ११वरच का थांबलाय? कमी-जास्त का होत नाही?" तपास सुरू झाला तो या प्रश्नापासून.

आता हा आकडा समजून घेऊ. नेटवर्कचा वेग बिटमध्ये सांगतात आणि फाइलचा आकार बाइटमध्ये. ८ बिटचा १ बाइट होतो. त्यामुळे १०० एमबीपीएसच्या जोडणीतून सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा एमबी जाऊ शकतात. पत्ते आणि तपासणीची माहिती सोबत जाते, ती वजा केली की हाती ११ ते पावणेबारा उरतात. गिगाबिट म्हणजे १००० एमबीपीएसच्या जोडणीत हाच आकडा ११०च्या आसपास असतो. म्हणून कॉपी करताना वेग ११ला चिकटून बसला असेल, तर बहुधा कुठेतरी रस्ता १०० एमबीपीएसचा झालेला असतो. या तपासातली ही पहिली खूण लक्षात ठेवा.

दुसरी गोष्ट. इंटरनेटचा प्लॅन आणि खोलीतले नेटवर्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमचे दोन्ही कॉम्प्युटर एकाच स्विचला केबलने जोडलेले होते. स्विच एका पोर्टवरची माहिती ज्याची आहे त्याच पोर्टला देतो. त्यामुळे आमची फाइल इंटरनेटवर जात नव्हती आणि राउटरच्या वाय-फायमधूनही जात नव्हती. त्या मुलीच्या लेक्चरचा आमच्या कॉपीशी काही संबंध असणे जवळजवळ अशक्यच होते. हे मला माहीत असायला हवे होते.

आता शोध कसा घ्यायचा ते बघू. फाइल तीन ठिकाणांहून जाते. देणाऱ्याची डिस्क, मधला रस्ता आणि घेणाऱ्याची डिस्क. सर्वांत अरुंद जागा जी असेल, तिचाच वेग तुम्हाला मिळतो. म्हणून तिन्ही वेगवेगळे तपासायचे.

आधी रस्ता बघू. विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये इथरनेटच्या माहितीत लिंक स्पीड दिसते. लिनक्सवर एथटूल हेच सांगते. आम्ही बघितले. घेणाऱ्या कॉम्प्युटरवर १०००, उसन्या कॉम्प्युटरवर १००. स्विच दोन्हींसाठी तोच. त्याचे पोर्ट बदलून पाहिले, फरक नाही. केबल बदलून पाहिली, आणि लिंक स्पीड १०००वर गेली. मग जुन्या केबलचा प्लग उजेडात धरला. तपकिरी जोडीतली एक तार टोकापर्यंत पोहोचलीच नव्हती.

एका तारेने एवढा फरक कसा पडतो? केबलमध्ये आठ तारा असतात, म्हणजे चार जोड्या. १०० एमबीपीएसला त्यातल्या दोनच जोड्या लागतात. गिगाबिटचे प्रमाण १९९९ साली ठरले, त्याला चारही जोड्या लागतात. एक जोडी निकामी झाली की पुष्कळ कार्डे तक्रार न करता १००वर उतरतात. नेट चालू राहते, दिवा पेटलेला राहतो, आणि वर्षानुवर्षे कोणाला पत्ता लागत नाही. हीच लक्षणे स्वस्त राउटरमुळेही दिसू शकतात, कारण कित्येक राउटरची पोर्ट १०० एमबीपीएसचीच असतात. म्हणून पोर्टचा वेग खोक्यावर वाचून घ्या.

केबल बदलल्यावर वेग ८५ झाला. मुले विचारू लागली, ११० का नाही? कारण अरुंद जागा आता सरकली होती. टास्क मॅनेजरमध्ये उसन्या कॉम्प्युटरची डिस्क १०० टक्के व्यस्त दिसत होती. फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क त्याहून वेगाने वाचू शकत नव्हती. तिथे आम्ही थांबलो. १६० जीबी अर्ध्या तासाच्या थोडे वर गेले. डिस्क आणि रस्ता यांतला दोषी स्पष्ट होत नसेल, तर आयपर्फ नावाचे मोफत साधन दोन्हीकडे चालवा. ते डिस्कला हात न लावता फक्त रस्ता मोजते. दोन्ही दिशांनी मोजा, कारण कधी कधी जाताना वेग ठीक असतो आणि येताना पडतो.

मग स्कॅनची पाळी आली. नवी केबल असूनही वेग दीड-दोन एमबीवर आला. हे कोडे वेगळे आहे. प्रत्येक फाइलसाठी नाव नोंदवा, परवानगी तपासा, उघडा, लिहा, बंद करा, एवढे सोपस्कार होतात. फाइल १ जीबीची असो की ३०० केबीची, सोपस्कार सारखेच. ४० हजार फाइली म्हणजे हे सगळे ४० हजार वेळा. भरीला अँटिव्हायरस प्रत्येक फाइल तपासतो. एकेक वीट हातात घेऊन गच्चीवर चढण्यासारखा हा प्रकार. उपाय दोन. सगळ्यांची एकच झिप फाइल करून पाठवा, किंवा विंडोजमधली रोबोकॉपी ही आज्ञा वापरा. तिला सांगितले तर ती एका वेळी आठ किंवा त्याहून जास्त फाइली नेते. आम्ही रोबोकॉपी वापरली. सव्वापाचला काम संपले.

तुमच्याकडे केबल नसेल आणि दोन्ही लॅपटॉप वाय-फायवर असतील, तर एवढे लक्षात ठेवा. तिथे हवा सर्वांची सामायिक असते आणि प्रत्येक बाइट हवेतून दोनदा जातो, आधी राउटरकडे आणि मग दुसऱ्या लॅपटॉपकडे. एकाला जरी केबल लावली, तरी ओझे बरेच उतरते.

एक इशारा. वेगासाठी सुरक्षा काढून टाकू नका. जुना एसएमबी १ सुरू करा, फायरवॉल कायमची बंद करा, असे सल्ले मिळतील. मे २०१७मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला, तो याच एसएमबी १मधल्या दोषावर.

आणि कॉपी झाली म्हणजे काम झाले असे नाही. फाइलींची संख्या आणि एकूण आकार दोन्हीकडे जुळवा, मधल्याच चार-पाच फाइली उघडून बघा, आणि दुसरी प्रत वेगळ्या जागी ठेवा. आम्ही हे केले, मगच सहा वाजता कॉम्प्युटर परत दिला.

तपासाचा क्रम थोडक्यात सांगतो. आकडा लिहून घ्या. लिंक स्पीड बघा. केबल बदला, मग पोर्ट बदला. डिस्क बघा. एक मोठी फाइल आणि पुष्कळ छोट्या फाइली वेगवेगळ्या पाठवून बघा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक वेळी पुन्हा मोजा. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर कशाने सुधारले ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा अंदाजच करावा लागतो.

शेवटचे सांगतो. २२ हजारांचे काम एका साध्या केबलने झाले. तो बिघडलेला प्लग कोणी बसवला होता, माहीत आहे? मीच. दोन वर्षांपूर्वी, घाईत, तपासून न बघता. त्या संध्याकाळी मी त्या मुलीची माफी मागितली, तीही सगळ्यांसमोर, कारण आळही सगळ्यांसमोर घेतला होता. ती म्हणाली, "भाई, लेक्चर अर्धं राहिलंय, आता लावू का?" आता अभ्यासिकेतल्या प्रत्येक केबलवर तपासणीची तारीख लिहिलेली असते. ती लिहायचे काम तिनेच मागून घेतले आहे.

आता तुमचे प्रश्न विचारा.