दिवा दुरुस्त कोण करणार?

‘पर्यावरण वाचवा’ म्हणत कॉलेजची मुलं येतात, आपल्या भिंती रंगवून जातात. पावसात रंगही जातो!

मुंबईत पवईला आयआयटी आहे. त्यांनी २०१४ पासून शाळकरी मुलांसाठी अभ्यासाचे सौरदिवे काढले. नुसते वाटले नाहीत. सुटे भाग गावाकडे आणले, गावातल्याच माणसांना जोडणी आणि दुरुस्ती शिकवली. महाराष्ट्र धरून चार राज्यांत सुमारे १० लाख दिवे गेले. राजस्थानात डुंगरपूरला तर बचत गटाच्या बायकांनी पुढे सौर पॅनेलचा कारखानाच काढला.

बंद पडलेला दिवा आपल्याच हातानं पेटला, की उन्हाची वीज कुणी समजावून सांगावी लागत नाही. तेव्हा यंदा कॉलेजवाले आले, की आपण चहा देऊ आणि आधी विचारू, दुरुस्ती कुणाला शिकवणार?