घाट उतरण्याआधी: जुन्या पिकअपचे ड्रम ब्रेक
(नारायणगाव येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



आपल्या भागात कुणी जुनी जीप किंवा पिकअप विकत घेतली, की बघायला येणाऱ्याला आधी बॉनेट उघडून दाखवतात. इंजिन कसं एका सेल्फला उठतं, पत्रा कसा जाड आहे, रंग कुठून मारून आणला, हे सगळं कौतुकानं सांगतात. पण जॅक लावून, चाक काढून, ड्रम उतरवून "आता हे बघा" म्हणणारा मालक विरळा. जुन्या गाडीवर पैसा घालायचा तर पहिला ब्रेकवर, मग इंजिनवर आणि रंगावर सगळ्यात शेवटी, असं माझं ठाम मत आहे. त्याची कारणं मांडायला मी आज उभा आहे.

हा विषय नारायणगावात मांडण्यालाही कारण आहे. टोमॅटोचा हंगाम लागला की मार्केटबाहेर क्रेट भरलेल्या पिकअपची रांग लागते. पाडव्याच्या सुमाराला तमाशा फडांच्या राहुट्या इथे लागतात, गावोगावचे पंच सुपारी द्यायला येतात, आणि पुढचे दोन महिने फडांच्या गाड्या रात्रीतून तळ हलवत फिरतात. आणि इथून कुठेही जायचं तर घाट आडवा येतो. कल्याणला निघालात तर माळशेज, पुण्याला खेडचा घाट, नाशिककडे चंदनापुरी, नगरकडे आणे. चढाला फार तर गाडी तापते, बंद पडते, पाणी ओतून तासाभरात निघता येतं. उतारावर ब्रेक गेला तर तेवढा वेळ कुणी देत नाही.

जुनी पिकअप म्हणजे आपल्याकडे बहुतेक वेळा महिंद्राची जीपवर्गातली गाडी. 1947 साली या कंपनीनं मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली आणि पुढे त्याच वंशातून पिकअप निघाल्या. या गाड्यांना चारही चाकांना ड्रम ब्रेक. त्यातली कळीची गोष्ट अशी, की त्या काळच्या बऱ्याच गाड्यांत पॅडलचा जोर ऑइलमध्ये उतरवणारा मास्टर सिलिंडर एकच आणि ऑइलचा मार्गही एकच. म्हणजे मागच्या डाव्या चाकातला रुपया-दोन रुपयांएवढ्या आकाराचा एक रबरी कप फाटला, तर ब्रेक एका चाकाचा जात नाही, चारही चाकांचा जातो. अमेरिकेनं 1968 पासून नव्या मोटारींना दोन स्वतंत्र मार्ग सक्तीचे केले ते याच धोक्यापायी. तुमच्या दारातल्या जुन्या गाडीला तो कायदा ठाऊक नाही. तिच्यासाठी दुसरा मार्ग म्हणजे हँडब्रेक आणि खालचा गिअर, एवढंच.

ड्रमच्या आत काय घडतं ते आधी पाहू. चाकाबरोबर फिरणारा बिडाचा पोकळ ड्रम, त्याच्या पोटात अर्धचंद्रासारखे दोन शू, त्यांच्यावर लायनर. पॅडल दाबलं की व्हील सिलिंडरमधले पिस्टन शू बाहेर ढकलतात आणि लायनर ड्रमला घासतो. फ्रान्सच्या लुई रेनोनं 1902 च्या सुमाराला या रचनेला आजचं रूप दिलं असं मानतात. ऑइलच्या दाबानं चारही चाकं आवळायची सोय मोटारींत आली ती 1920 नंतरच्या दशकात. यातली खरी हुशारी शूच्या जागेत आहे. दाराखाली पाचर ठेवून दार ढकललं की पाचर आणखी रुतते, तसा दोनांपैकी एक शू फिरत्या ड्रमबरोबर ओढला जाऊन आपणहून अधिक घट्ट बसतो. म्हणूनच बूस्टर नसलेली अडीच टनांची गाडी माणसाच्या एका पायानं थांबते. पण हाच गुण उलटतोही. एका चाकाच्या लायनरला ग्रीस लागलं किंवा पावसाचं पाणी शिरलं, तर तिथला जोर एकदम कमी होतो, दुसरं चाक पूर्ण धरतं आणि गाडी एका अंगाला ओढते. ओल्या रस्त्यावर वळणात असं झालं तर स्टिअरिंग हातात राहत नाही.

आता उष्णतेचा हिशेब करू. अडीच टनांची गाडी पाचशे मीटर खाली उतरली तर तिची जी ऊर्जा खर्चावी लागते, तिच्यात सुमारे 36 लिटर साधं पाणी उकळेल. ड्रायव्हरनं न्यूट्रल मारलं तर यातली बहुतेक उष्णता चार ड्रमांत जाते. ड्रम तापला की फुगतो आणि लायनरपासून लांब सरतो, त्यामुळे पॅडल खाली-खाली जातं. लायनरही तापून त्याची पकड कमी होते. वर ऑइल जुनं असेल तर तिसरी आफत. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट 3 प्रतीचं ताजं ऑइल किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही, पण त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की ही मर्यादा 140 अंशांपर्यंत खाली येऊ शकते. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते. वाफ दाबली जाते, दाब पुढे जात नाही, आणि पॅडल थेट फळीला टेकतं. डिझेल वाचवायला घाटात गाडी न्यूट्रल सोडणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो, ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा.

आता प्रत्यक्ष काम. गाडी सपाट जागी, उरलेल्या चाकांना दगड, आणि जॅकवर भरवसा न ठेवता खाली स्टँड. ड्रम निघत नसेल तर घणानं काठावर ठोकू नका. बीड तडकतं. वर्षानुवर्षं घासून ड्रमच्या तोंडाशी कड तयार झालेली असते आणि शू तिच्या आत अडकलेले असतात. आधी अ‍ॅडजस्टर सैल करा, शू आत येऊ द्या, ड्रम हातात येतो. दोन्ही बाजू एकदम उघडू नका. एक बाजू जोडलेली ठेवली की कुठली स्प्रिंग कुठल्या भोकात होती याचा नमुना समोर राहतो. मग बघायला शिका. ड्रमच्या आत निळसर डाग म्हणजे तो फार तापलेला आहे. लायनर काचेसारखा चकाकत असेल तर तो जळून कडक झालाय. व्हील सिलिंडरचं रबरी टोपण बोटानं हलकेच उचला. आत ओल दिसली तर कप गेला. ओल नुसती पुसून टोपण परत बसवणं हा गुन्हा समजा. मागच्या चाकात काळं, चिकट ग्रीस दिसलं तर हबचं ऑइल सील बदला, आणि लायनर दोन्ही बाजूंचे एकदमच. एकाच बाजूला नवा लायनर टाकून झालेली बचत गाडी ओढायला लागली की कळते. रिव्हेटचं डोकं लायनरच्या पृष्ठभागाशी येऊ लागलं असेल तर तो शू पुन्हा बसवायचा नाही. ड्रम लेथवर एका मर्यादेपर्यंतच घेता येतो. त्यापुढे तो पातळ होतो आणि पहिल्याच घाटात तापतो.

रबराच्या बाबतीत एक कडक नियम आहे. रबरी कपांचं किट डिझेलनं, पेट्रोलनं धुवायचं नाही, आणि मास्टर सिलिंडरमध्ये इंजिन ऑइल कधीही टाकायचं नाही. खनिज तेलानं हे रबर फुगतं आणि अख्खी यंत्रणा उतरवून बदलावी लागते. सगळं जोडून झालं की एअर काढायची, मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करून जवळ येत. एकानं पॅडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं व्हील सिलिंडरवरचं निपल सैल करायचं, आणि निपल आवळल्याखेरीज पहिल्यानं पाय उचलायचा नाही. बुडबुडे थांबेपर्यंत हे चालतं. मधे भांड्यातलं ऑइल संपू दिलंत तर पुन्हा पहिल्यापासून.

आता ज्या गोष्टीनं मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलंय, ती सांगतो. ड्रम उघडला की आत करडी भुकटी साचलेली असते. गॅरेजमधलं पोरगं कॉम्प्रेसरची नळी घेतं आणि एका फुंकरीत ती उडवतं. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, आणि आजही स्वस्त मालात नसेलच याची खात्री देता येत नाही. त्याचे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत, पण फुप्फुसात रुतून बसतात. त्यातून होणारे रोग, अगदी कर्करोगसुद्धा, वीस-तीस-चाळीस वर्षांनी उघडकीला येतात. 1995 साली सर्वोच्च न्यायालयानं अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यांना कामगारांच्या आरोग्याची नोंद किमान 40 वर्षं ठेवायचा आदेश दिला, त्यामागे हेच कारण होतं. आपल्या गॅरेजमधल्या पोराची नोंद कोण ठेवतं? नाकाला रुमाल बांधून तंतू थांबत नाहीत. उपाय फारसा खर्चाचाही नाही. पाण्यात थोडा साबण घालून भुकटी आधी भिजवा, ओल्या फडक्यानं पुसा, फडकं पिशवीत बांधून टाकून द्या. हवा मारायची नाही. लायनर घासायचा झाला तरी ओला करूनच.

आता जुनी गाडी धंद्याला लावावी का, हा प्रश्न उरतो. जुलै 2021 मध्ये केंद्र सरकारनं व्हिंटेज वाहनांचे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं झालेली आणि मूळ रूपात राखलेली दुचाकी-चारचाकी वाहनं त्यात नोंदवता येतात, पण त्यांचा व्यावसायिक वापर करता येत नाही. हे मला पटतं. या गाड्यांनी आपापल्या काळात पुष्कळ भार ओढला. टोमॅटो आता नव्या पिकअपनं न्यावा. पण त्या नव्या पिकअपची मागची चाकं उघडून बघा. तिथे आजही ड्रमच आहे. मोठ्या ट्रकमध्ये ऑइलच्या जागी हवेचा दाब आला, शू आणि ड्रम तेच राहिले. तेव्हा ही विद्या फक्त हौशी मालकांपुरती नाही. हाताच्या स्पर्शावर शूचं सेटिंग करणारे मिस्त्री अजून आपल्यात आहेत. आयटीआयच्या शिक्षकांनी त्यांना वर्गात बोलवावं आणि पोरांसमोर एक ड्रम उघडून घ्यावा.

पाऊस सुरू व्हायला अजून थोडे आठवडे आहेत. ज्यांच्या दारात जुनी गाडी आहे, त्यांनी त्याआधी चारही ड्रम उतरवून घ्या, ब्रेक ऑइल पूर्ण बदला, आणि काम चालू असताना स्वतः शेजारी उभे राहा. आणि मिस्त्रीच्या हाताखालचं पोरगं हवेची नळी उचलायला लागलं तर त्याला तिथेच थांबवा.