नोकरी सुटल्यानंतरचा आरोग्य विमा : नियोक्त्यांचे कर्तव्य
(रुग्णालयाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्षभराचा जमाखर्च व ताळेबंद या अहवालात अन्यत्र दिलेला आहेच. आज आम्ही आपले लक्ष अशा एका विषयाकडे वेधू इच्छितो की ज्याची नोंद कोणत्याही ताळेबंदात होत नाही, परंतु ज्याचा भार अखेरीस धर्मादाय रुग्णालयांवर आणि पर्यायाने आपल्यासारख्या दात्यांवर येऊन पडतो. तो विषय म्हणजे नोकरी सुटलेल्या माणसाचा आरोग्य विमा.

रुग्णास दाखल करतेवेळी नातेवाईक मोठ्या विश्वासाने कंपनीचे विमा कार्ड पुढे करतात. आमचे कर्मचारी पूर्वसंमतीसाठी कागदपत्रे पाठवतात आणि उत्तर येते की सदर व्यक्तीचे नाव यादीतून कमी करण्यात आले आहे. नोकरी सुटून महिना-दीड महिना झालेला असतो. कार्डावर छापलेली मुदत उलटलेली नसते, मात्र विम्याचे संरक्षण संपलेले असते. हे त्या कुटुंबाला प्रथमच, आणि तेही रुग्णालयाच्या खिडकीपाशी कळते.

यामागील व्यवस्था समजून घेणे आवश्यक आहे. सामूहिक आरोग्य विम्याचा करार कंपनी आणि विमा कंपनी यांच्यात असतो. कर्मचारी हा त्यातील यादीतले एक नाव असतो. तो सेवेतून गेला की कंपनी त्याचे नाव वगळण्यास कळवते. त्याच्यासोबत पत्नी, मुले आणि आई-वडील यांचेही संरक्षण संपते. बहुतेक पॉलिसींमध्ये हे सेवेच्या अखेरच्या दिवशीच घडते.

कमी वेतनाच्या कामगारांसाठी कायद्याने काही तजवीज केली आहे. १९४८ च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या कर्मचारी राज्य विमा योजनेत नोकरी सुटताच उपचारांचा हक्क त्याच दिवशी तुटत नाही. एप्रिल ते सप्टेंबर या काळात भरलेल्या वर्गणीचा लाभ पुढील जानेवारी ते जून या काळात, तर ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीचा लाभ जुलै ते डिसेंबर या काळात, अटींच्या अधीन राहून मिळतो. किमान पाच वर्षे या योजनेत राहून निवृत्त झालेल्यांना जोडीदारासह उपचार मिळावेत म्हणून नियमांनी ठरवलेली वर्गणी वर्षाला अवघी १२० रुपये होती. कारखाना बंद पडल्यास अथवा कामगार-कपात झाल्यास बेकारी भत्त्याबरोबर वैद्यकीय उपचार देण्याची तरतूद २००५ साली राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेद्वारे करण्यात आली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली असली, तरी योजना चालू आहे.

अडचण आहे ती या योजनेच्या वेतनमर्यादेपलीकडील नोकरदारांची. ही मर्यादा जानेवारी २०१७ पासून दरमहा २१,००० रुपये करण्यात आली होती. त्याहून थोडे अधिक मिळवणारा कारकून, पर्यवेक्षक वा तंत्रज्ञ कंपनीच्या सामूहिक विम्यावरच विसंबून असतो. त्याने नोकरी सोडल्यावर तो विमा पुढे चालू ठेवण्याचे बंधन खाजगी नियोक्त्यावर आपल्या कायद्याने घातलेले नाही.

तथापि, एक मार्ग खुला आहे. सामूहिक पॉलिसीतून बाहेर पडताना त्याच विमा कंपनीची वैयक्तिक अथवा कौटुंबिक पॉलिसी घेण्याचा पर्याय विमा नियामक प्राधिकरणाच्या नियमांनी दिलेला आहे. हप्ता अर्थातच स्वतः भरावा लागतो आणि तो वयानुसार वाढतो. परंतु सामूहिक विम्यात काढलेली वर्षे प्रतीक्षा कालावधीत धरली जातात, हा त्याचा मोठा लाभ. खंड पडल्यानंतर नव्याने विमा घेतल्यास मधुमेह, रक्तदाब यांसारख्या आधीपासून असलेल्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. पन्नाशीतल्या माणसासाठी ही तीन वर्षे किती मोलाची असतात, हे येथे बसलेल्या अनेक कुटुंबांना ठाऊक आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरील वस्तू व सेवा कर रद्द झाल्याने हा पर्याय काहीसा सुसह्यही झाला आहे.

आपल्यापैकी अनेकांची मुले अमेरिकेत नोकरी करतात. तेथे १९८५ च्या ‘कोब्रा’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्यानुसार, वीस वा अधिक कर्मचारी असलेल्या नियोक्त्याच्या सामूहिक योजनेत नोकरी सुटल्यावरही साधारणतः १८ महिने राहता येते. कर्मचाऱ्याचा मृत्यू किंवा घटस्फोट झाल्यास कुटुंबीयांसाठी ही मुदत ३६ महिने आहे. हप्ता मात्र सेवकाने भरायचा, आणि तो एकूण खर्चाच्या १०२ टक्क्यांपर्यंत असू शकतो. मालकाने ३० दिवसांत योजनेच्या व्यवस्थापकाला कळवायचे, व्यवस्थापकाने १४ दिवसांत कर्मचाऱ्याला सूचना द्यायची आणि कर्मचाऱ्याने ६० दिवसांत निर्णय घ्यायचा, असा क्रम आहे. हप्ता जड असल्याने अनेकांना तो परवडत नाही, हेही खरे. तरीही, जाणाऱ्या माणसाला वेळेवर कळवणे हे नियोक्त्याचे कर्तव्य आहे, हे तत्त्व त्या कायद्याने मान्य केले आहे.

येथे आमच्या कामाशी या विषयाचा थेट संबंध येतो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक अन्वये, आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार, धर्मादाय रुग्णालये १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवतात. त्यासाठी एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. नुकतीच नोकरी गेलेला माणूस या निकषांत सहजासहजी बसत नाही, कारण तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला गतवर्षीची मिळकत दाखवतो. मग त्याच्यासाठी आपल्या देणग्यांतून वाट काढावी लागते. ती आम्ही काढतो आणि यापुढेही काढू. परंतु ज्याचा विमा एका पत्राने वाचला असता त्याच्यावर खर्च झालेला रुपया, ज्याला विमा कधी लाभलाच नाही अशा रुग्णाच्या वाट्यातून जातो.

म्हणून आपल्यातील उद्योजक, व्यापारी व संस्थाचालक बंधू-भगिनींना आमची नम्र विनंती आहे. राजीनामा अथवा सेवासमाप्ती ठरताच सेवकाला एक लेखी पत्र द्यावे. त्यात विम्याचे संरक्षण कोणत्या तारखेला संपते, विमा कंपनीचे नाव, पॉलिसी क्रमांक आणि वैयक्तिक पॉलिसीसाठी अर्ज कोठे करावा, हे नमूद असावे. तो किती वर्षे सामूहिक विम्यात होता, याचा दाखलाही सोबत द्यावा. सेवेत असताना कर्मचाऱ्याचा मृत्यू झाल्यास हे पत्र त्याच्या घरी पोहोचवावे. शक्य असेल त्यांनी पॉलिसीचे वर्ष संपेपर्यंत नाव कायम ठेवावे. हीच पद्धत आम्ही आमच्या रुग्णालयाच्या सेवकांसाठी लागू करीत आहोत.

रुग्णांच्या नातेवाइकांनाही सांगणे इतकेच की घरातील कोणाची नोकरी बदलत वा संपत असेल, तर शेवटच्या पगाराबरोबरच विम्याची चौकशी करावी, आणि ती अखेरच्या दिवसापूर्वी करावी. याबाबत काही अडचण असल्यास आमच्या समाजसेवा विभागाशी जरूर संपर्क साधावा. त्यासाठी कोणतेही शुल्क नाही.