घाट मोकळा आहे का?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



मघाशी माझी ओळख 'नेमबाज' अशी करून दिली गेली. आधी ती चूक दुरुस्त करते. माझा नेम कसा आहे, हे शाळेमागे चिंचा पाडताना माझ्याबरोबर जे होते त्यांना चांगलं ठाऊक आहे. नेमबाज होती माझी मुलगी. तिला स्पर्धेला घेऊन जायचं आणि दिवसभर बाहेरच्या बाकावर बसून राहायचं, याचा कंटाळा आला म्हणून मी पंचांचा कोर्स केला, लेखी परीक्षा दिली. मुलगी बारावीला खेळ सोडून मोकळी झाली आणि मी मात्र अडकले. आठवडाभर सॉफ्टवेअर कंपनी आणि सुट्टीच्या दिवशी फायरिंग लाइन, असं आता नववं वर्ष चालू आहे.

1 ऑगस्ट 2024 ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशनचं ब्राँझपदक मिळवलं. 451.4 गुण. ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. पण त्याच्यामागे पंच उभे होते, ते कुणाला आठवतात का? आठवत नसतील तर त्यांचं काम चोख झालं असं समजायचं.

हे काम असतं काय? समजा 10 मीटर एअर पिस्तूल आहे. सकाळी प्रत्येक पिस्तुलाच्या ट्रिगरला 500 ग्रॅमचं वजन अडकवून उचलून बघायचं. वजन उचललं गेलं नाही तर ट्रिगर जास्त हलका आहे, ते पिस्तूल चालणार नाही. मग 15 मिनिटं तयारी आणि सरावाचे शॉट, त्यानंतर 60 शॉट 75 मिनिटांत. कागदी कार्ड असेल तर छिद्र वरच्या वर्तुळाच्या रेषेला नुसतं चिकटलं तरी वरचा गुण मिळतो. चिकटलं की नाही, हे डोळ्यांनी ठरत नसेल तर गेज घालून बघायचं. कधी शेजारच्या खेळाडूचा शॉट तुमच्या कार्डावर येतो. मारणाऱ्याला शून्य. ज्याच्या कार्डावर आला, त्याचा स्वतःचा शॉट कोणता हे ठरवताच आलं नाही, तर त्याला त्यातला जास्त गुणांचा शॉट मिळतो. दुसऱ्याच्या चुकीचा भुर्दंड त्याला बसू नये, एवढाच त्याचा अर्थ.

पण या सगळ्याच्या आधी येते सुरक्षितता. 'स्टॉप' म्हटलं की सगळे थांबतात. पिस्तूल भरलेलं असेल तर हात वर करून सांगायचं आणि पंचांच्या परवानगीनेच रिकामं करायचं. मग नळीत रंगीत दोरीसारखा सेफ्टी फ्लॅग घालायचा, म्हणजे आत पेलेट नाही हे लांबूनही दिसतं. आणि लाइनच्या पुढे माणूस असेल तोवर शस्त्राला हात लावायचा नाही.

आता जे सांगायला उभी राहिले ते सांगते. कुठली स्पर्धा, कुठलं वर्ष, ते सांगत नाही; तो मुलगा अजून खेळतो.

एका हॉलमध्ये स्पर्धा होती. कार्ड पुढे-मागे नेणारी एक तार अडकली. मी 'स्टॉप' दिला. एका स्वयंसेवकाला पुढे जाऊन तार सोडवायची होती. मी माझ्या जागेवरूनच विचारलं, "सगळ्यांचे फ्लॅग लागले का?" शाळेत "समजलं का?" विचारल्यावर आपण ज्या सुरात "हो" म्हणायचो, त्याच सुरात "हो" आलं. मी स्वयंसेवकाला पुढे सोडलं.

तो तारेपाशी पोचला आणि सात नंबरच्या मुलाने मागची साइट बघायला पिस्तूल उचललं. फ्लॅग नव्हता. मी ओरडले. त्याने घाबरून ते खाली ठेवलं. मुख्य पंचांनी येऊन उघडलं, तर आत पेलेट होता.

एअर पिस्तूल म्हणजे खेळणं नव्हे. एवढ्या अंतरावरून माणसाचा डोळा जाऊ शकतो.

बाद करायचा निर्णय ज्युरीचा असतो. त्यांनी मुलाला बाद केलं, आणि नियमाप्रमाणे ते योग्यच होतं. नववीतला मुलगा, त्या दिवशी उत्तम खेळत होता. त्याचे वडील शिरूर तालुक्यातलेच निघाले. म्हणाले, "ताई, आपण एका भागातली माणसं. काहीतरी बघा की." त्यांना काय सांगणार? पण मुलगा जे बोलला ते अजून जात नाही. रडत नव्हता. शांतपणे म्हणाला, "मॅडम, तुम्ही आधीच येऊन बघितलं असतं तर?"

त्याचं खरं होतं. प्रत्येक पिस्तुलाजवळ जाऊन फ्लॅग बघायला मला एक मिनिटही लागलं नसतं. मी अहवालात दोन्ही चुका लिहिल्या, त्याची आणि माझी. उरलेला दिवस लाइनवर उभी राहणार नाही, असं मुख्य पंचांना सांगितलं आणि कार्डं मोजायला बसले. त्याने मुलाची स्पर्धा काही परत आली नाही.

नंतर मी 'प्रॅक्टिकल शूटिंग'चे नियम वाचून काढले. या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना 1976 साली अमेरिकेत, मिसुरी राज्यातल्या कोलंबियात स्थापन झाली. त्यात खेळाडू भरलेलं पिस्तूल घेऊन एका टार्गेटकडून दुसऱ्याकडे धावतो. मिळालेल्या गुणांना लागलेल्या वेळेने भागतात. टायमर घेऊन एक पंच त्याच्यामागे सावलीसारखा असतो. शेवटी तो 'रिकामं करा' एवढ्यावर थांबत नाही, 'रिकामं करून दाखवा' म्हणतो, आणि स्वतः आत बघतो. 'दाखवा' हा एक शब्द मी त्या दिवशी विसरले होते.

आपल्याकडे हे नवीन आहे का? बैलगाड्याच्या घाटात माईकवरून कितीदाही "घाट मोकळा करा" ओरडलं, तरी कुणीतरी मोबाइल घेऊन मध्ये असतोच. म्हणून जाणता माणूस माईकवर विसंबत नाही, खालपासून वरपर्यंत नजर टाकतो, मगच गाडा सुटतो. आणि समोर बसलेल्या आपल्या गणिताच्या बाई उत्तर बरोबर असलं तरी विचारायच्या, "पायऱ्या कुठे आहेत? दाखव." बाई, तेव्हा आम्हाला वाटायचं, तुमचा आमच्यावर विश्वास नाही. आज सात नंबरसमोर उभं राहून आल्यावर कळतं की दोन गुण कापण्यात तुम्हाला काही आनंद नव्हता.

पुढच्या मोसमात तो मुलगा पुन्हा माझ्या लाइनवर आला. 'स्टॉप' झाल्यावर मी विचारायच्या आत म्हणाला, "मॅडम, लावलाय." मला त्याच्यावर विश्वास ठेवायचा मोह झाला, अगदी मनापासून. तरी मी वाकून बघितलं. फ्लॅग होता. मग आठ नंबरकडे गेले.