आपल्याच माणसांना ‘थांबा’ म्हणणारा हवा



संमेलनाच्या संयोजकांनी मला विषय दिला, साहित्यातलं आणि इतिहासातलं शौर्य आणि नेतृत्व. सोबत एक प्रेमळ सूचनाही दिली. म्हणाले, सर, गोटमारीचं काही काढू नका, लोक दुखावतात. पांढुर्ण्यात उभं राहून शौर्यावर बोलायचं आणि गोटमार टाळायची, हे मला जमणार नाही. म्हणून तिथूनच सुरुवात करतो. ज्यांना उठून जायचं असेल त्यांनी खुशाल जावं. फक्त खुर्च्यांचा आवाज करू नये.

सकाळपासून वक्ते सांगताहेत की शौर्य आपल्या रक्तात आहे. टाळ्याही भरपूर पडल्या. पण हे सांगायला संमेलन कशाला हवं? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर या. पात्रात पळसाचं झाड रोवलेलं असतं, शेंड्याला झेंडा असतो. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, आणि मध्ये दिवसभर गोट्यांचा पाऊस. कुऱ्हाड घेऊन झेंड्याकडे झेपावणारा पोरगा डोकं फुटलं तरी मागं सरत नाही. दरवर्षी शेकडो माणसं जखमी होतात. काहींचे डोळे गेले, काहींचे जीव गेले. असल्या गावाला कुणी भित्रं म्हणू शकत नाही. प्रश्न वेगळाच आहे. त्या दोन काठांवर इतकी शूर माणसं उभी असताना, स्वतःच्या काठाकडे तोंड करून ‘थांबा’ म्हणणारा एकही का निघत नाही?

माझं आजचं म्हणणं एवढंच आहे. शत्रूवर धावून जायला छाती लागते, आणि ती आपल्याकडे आहे. आपल्या माणसांना अडवायला जी छाती लागते तिला नेतृत्व म्हणतात. ती आपल्याकडे कमी पडते.

छाती असून नेतृत्व नसलं की काय होतं, हे आपल्याच राज्यात घडून गेलंय. हा मुलूख तेव्हा नागपूरकर भोसल्यांचा होता. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला भोसल्यांची फौज सीताबर्डीच्या टेकड्यांवर इंग्रजांशी भिडली. इंग्रजांची पलटण मूठभर होती. अरब शिपायांनी लहान टेकडी जिंकूनही दाखवली. आणि राजा काय करत होता? लढाई हरल्यावर आप्पासाहेब म्हणाले, हे माझ्या हुकमानं झालंच नाही! १६ डिसेंबरला ते स्वतः इंग्रजांच्या छावणीत दाखल झाले. त्यांचे अरब मात्र नागपूर शहरात महिनाअखेरपर्यंत लढत राहिले. पुढे आप्पासाहेब कैदेतून निसटले, तेव्हा महादेवाच्या डोंगरात त्यांना आसरा दिला तो गोंडांनी. शिपाई शूर होते, गोंड इमानी होते. ज्याच्या नावानं हे सगळं चाललं होतं, तोच डळमळीत होता. राज्य गेलं ते शौर्य कमी पडल्यानं गेलं नाही.

आता शिवाजी महाराजांकडे येतो. २०२० च्या फेब्रुवारीत सौंसरला महाराजांच्या पुतळ्यावरून केवढं रान पेटलं होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. राजाच्या पुतळ्याला धक्का लागला तर माणूस चिडणारच. त्या चिडीला मी नावं ठेवत नाही. पण त्या दिवशी रस्त्यावर आलेल्यांना माझा एक प्रश्न आहे. महाराजांनी चिपळूणच्या छावणीला धाडलेलं पत्र तुमच्यापैकी किती जणांनी वाचलंय? पावसाळ्यात लष्कर तिथं तळ देऊन होतं. महाराज आपल्याच सैनिकांना बजावतात, की चारा-दाणा जपून वापरा. तो संपला आणि तुम्ही कुणब्यांच्या घरचं उचलू लागलात, तर रयतेला तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटतील. रात्री दिव्याची वात उंदरानं ओढून नेली तर गवताच्या गंजीला आग लागेल, इथपर्यंत त्यांचं लक्ष आहे. १६७६ साली प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत याला लिहिलेल्या पत्रात तर रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका, अशी ताकीद आहे.

हा राजा कुणाला अडवतोय? अफझलखानाला? औरंगजेबाला? आपल्याच सरदारांना, आपल्याच घोडेस्वारांना अडवतोय! आणि आपण गणपतीत, शिवजयंतीत कोणता प्रसंग बसवतो? वाघनखांचा. पत्राचा देखावा कुठल्या मंडळानं केलेला मला ठाऊक नाही. त्यात रक्त नाही, म्हणून गर्दी जमत नाही.

आमची लेखकमंडळीही यात धुतल्या तांदळासारखी नाहीत. ऐतिहासिक कादंबरीत लढाई रंगवताना लेखणी थकत नाही, आणि राज्यकारभार आला की दोन ओळींत निकाल. १६६० च्या जुलैत बाजीप्रभूंनी खिंड लढवली, ती आपण डोळ्यांत पाणी आणून वाचतो. त्या मरणाला अर्थ होता. एका माणसाला विशाळगडावर पोचायला वेळ हवा होता, आणि बाजीप्रभूंनी, बांदलांनी तो वेळ आपल्या जिवाच्या मोलानं दिला. जाम नदीच्या पात्रात डोळा गमावणारा पोरगा कुणाला वेळ देतो? कुणाला वाचवतो? बाजीप्रभूंचं नाव घेऊन त्या गोट्यांना शौर्य म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

जरा मागे जाऊ, महाभारतात. द्रौपदीला सभेत ओढून आणलं तेव्हा तिथं भीष्म होते, द्रोण होते, कृप होते. धनुर्विद्येत त्यांच्या तोडीचं कोण होतं? पण हे अधर्माचं आहे असं कौरवांच्या घरातून उठून स्पष्ट बोलला तो विकर्ण, दुर्योधनाचा धाकटा भाऊ. कर्णानं त्याला पोरसवदा म्हणून गप्प केलं. मला विकर्णाचं कौतुक आहे, पण तेही अर्धंच. तो बोलला आणि नंतर कौरवांकडूनच लढून भीमाच्या हातून मेला. त्याच्यापुढे एक पाऊल टाकलं ते युयुत्सूनं. धृतराष्ट्राचाच हा मुलगा युद्धाच्या तोंडावर सगळ्यांदेखत पांडवांकडे चालत गेला. आपल्या पोरांना कर्णाचं दान पाठ आहे, अर्जुनाचे बाण पाठ आहेत. युयुत्सू कोण, हे विचारून बघा.

इतिहासातही तेच. १७७३ साली नारायणराव पेशव्याचा खून झाला, तेव्हा रामशास्त्री प्रभुणे यांच्या हाती तलवार नव्हती. त्यांनी राघोबादादाला तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगितलं आणि पद सोडून ते निघून गेले. दगडांचीच गोष्ट काढायची तर १८४८ चं पुणं आठवा. सावित्रीबाई शाळेत शिकवायला निघाल्या की त्यांच्या अंगावर शेण आणि दगड पडत. दगड मारणाऱ्यांत एकाचंही नाव इतिहासानं ठेवलेलं नाही. दगड खाऊन वर्गात जाऊन उभी राहणारी बाई आज सगळ्या देशाला ठाऊक आहे.

आणि पुण्यापर्यंत तरी कशाला जायचं? २१ ऑगस्ट १९३० ला याच सौंसर तालुक्यातल्या रामाकोन्याला एका आदिवासी पुढाऱ्यानं जंगलचा कायदा मोडला. त्याचं नाव बादल भोई. परासिया तालुक्यातला हा माणूस १९२३ साली आपल्या लोकांना घेऊन छिंदवाड्याच्या कलेक्टरच्या बंगल्यावर गेला होता. रामाकोन्याला त्याला पकडून चांद्याच्या तुरुंगात धाडलं, आणि १९४० साली तुरुंगातच त्याचा अंत झाला. छिंदवाड्याच्या आदिवासी संग्रहालयाला त्याचं नाव आहे. पण आमच्या मराठी साहित्यात? रामाकोना इथून फार लांब नाही, आणि त्याच्यावर एक धड मराठी नाटक कुठं पाहायला मिळत नाही. तो गोंडी बोलणाऱ्यांचा, आपला नव्हे, असं म्हणायचं असेल तर स्पष्ट म्हणा. मग महादेवाच्या डोंगरात आपल्या राजाला कुणी लपवलं होतं, तेही आठवा.

मला ठाऊक आहे, आता कुणी म्हणेल की आपली दुखणी वेगळी आहेत. १ नोव्हेंबर १९५६ ला नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. घर मराठीत आणि कचेरी हिंदीत. पुण्याला आपण दिसत नाही, भोपाळला आपण कळत नाही. ही तक्रार खरी आहे. पण २०२३ पासून पांढुर्णा जिल्हा झालाय, कलेक्टर गावात बसतो. आता आपल्या गावाचं काय करायचं, हे बाहेरच्यांनी ठरवावं असं म्हणायला तोंड उरलेलं नाही.

गोटमारीचे समर्थक सांगतात की ही चंडीमातेची परंपरा आहे, जखमेला देवीची भभूत लावली की भरते, आणि दुसऱ्या दिवशी कुणी कुणाशी डूख धरत नाही. त्यातलं शेवटचं मी मान्य करतो. इथली माणसं मनानं निर्मळ आहेत. पण वैर नसताना एकमेकांची डोकी फोडायची, हे तर अधिकच नवलाचं! ज्या दंतकथेवरून हे सुरू झालं असं सांगतात, तिच्यात पांढुर्ण्याचा मुलगा आणि सावरगावची मुलगी नदीच्या मध्यावर दोन्हीकडच्या गोट्यांनी मेली. त्या दोघांना वाचवायला कुणी पाण्यात उतरलं नाही. आपण दरवर्षी आठवण काढतो ती मारणाऱ्यांची.

प्रशासनानं बंदीचे हुकूम काढले, गोट्यांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. काही चाललं नाही. चालणारही नव्हतं, कारण हुकूम बाहेरून आला होता. पोलिसाच्या शिट्टीनं कुठली परंपरा बदलत नाही. ती बदलते घरातला जाणता माणूस उठला की.

म्हणून अध्यक्ष या नात्यानं माझी मागणी साधी आहे. येत्या पोळ्याआधी पांढुर्णा आणि सावरगावच्या जाणत्या बायका-पुरुषांनी एकत्र बसावं. झाड रोवा, झेंडा लावा, चंडीमातेची पूजा थाटात करा. पण त्या दिवशी दोन्ही गावांची वडीलधारी मंडळी गोटे चालायच्या आधी पात्रात उतरू द्या आणि आपापल्या काठाकडे तोंड करून उभी राहू द्या. शौर्य रक्तात आहे ना? मग ते तिथं दिसू द्या. जे पात्रात उतरायला तयार असतील त्यांची यादी या मांडवातच, आज, सभा संपायच्या आत करा. माझं नाव पहिलं लिहा. दुसरं कुणाचं, ते तुम्ही उभं राहून सांगा.