लायसन्स आजारपणामुळे रद्द झालं, तर?

विषय कोरडा वाटेल, पण ज्याच्या घरी ही वेळ येते त्याची चूल त्यावर अवलंबून असते. आरटीओचं पत्र येतं: प्रकृतीच्या कारणावरून तुम्ही वाहन चालवायला अपात्र आहात, लायसन्स रद्द. मग माणूस एकतर नशीब म्हणून गप्प बसतो, नाहीतर एजंट गाठतो. दोन्ही नको.

मोटार वाहन कायदा १९८८चा, आणि तो केंद्राचा आहे. तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला असा की हैदराबादला, कलमं तीच. कलम १६ म्हणतं की आजार किंवा अपंगत्वामुळे चालक अपात्र आहे असं मानायला वाजवी कारण असेल, तर अधिकारी लायसन्स केव्हाही रद्द करू शकतो. पण त्याच कलमात दुसरी वाटही आहे: लायसन्स चालू ठेवायचं तर आधी वैद्यकीय प्रमाणपत्र आणा, असं तो सांगू शकतो. म्हणून पहिला प्रश्न हा विचारा, की तुमच्याकडे प्रमाणपत्र मागितलं होतं का? की कुणा शेजाऱ्याच्या अर्जावरून थेट रद्द?

कलम १७ तर नीट लक्षात ठेवा. नकार असो वा रद्द करणं, आदेश लेखी हवा आणि त्यात कारणं हवीत. खिडकीवरचा बाबू 'तुमचं होणार नाही' म्हणाला, तो आदेश नव्हे. लेखी अर्ज द्या, आवक शिक्का घ्या, लेखी उत्तर मागा. आदेश हाती पडल्यापासून ३० दिवसांत अपील करता येतं. पाकीट फेकू नका, तारीख त्यावरच असते. अपील कुणाकडे करायचं हे त्या त्या राज्याच्या नियमांत असतं. आदेशात लिहिलं नसेल तर तेही लेखी विचारून घ्या. तुमचं म्हणणं ऐकूनच निर्णय द्यावा लागतो आणि तो आरटीओवर बंधनकारक असतो.

आता खरी मेख. बहुतेक जण जोडतात ते सर्टिफिकेट एका ओळीचं: 'प्रकृती ठीक आहे.' त्याने काही होत नाही. प्रश्न गाडी चालवण्याचा आहे, तेव्हा डॉक्टरांनी त्याबद्दलच लिहायला हवं. फिट येत असतील तर शेवटची कधी आली, औषधं कोणती, नियमित घेतली जातात का. डोळ्यांचं असेल तर चष्म्यासह नजर किती, बाजूचं किती दिसतं. आणि हे त्या आजाराच्या तज्ज्ञाकडून घ्या.

नियमही बदलत असतात. २०२० मध्ये केंद्राने सौम्य ते मध्यम रंगांधळेपणा असलेल्यांना लायसन्सची वाट मोकळी केली. त्याआधी २०११ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने कर्णबधिर व्यक्ती चाचणीत उत्तीर्ण झाल्यास तिला नाकारू नये, अशी भूमिका घेतली. तुम्हाला मिळालेला नकार जुन्या समजुतीवर बेतलेला नाही ना, तपासा.

पण एक स्पष्ट बोलतो. डॉक्टर खरंच 'नको' म्हणत असतील, तर लायसन्ससाठी भांडू नका. रस्त्यावर दुसऱ्यांचीही मुलं असतात. भांडायचं ते नोकरीसाठी. तेलंगणा परिवहन महामंडळाने एका बसचालकाला रंगांधळेपणामुळे घरी बसवलं होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला त्याच पगारश्रेणीत झेपेल असं दुसरं काम आणि थकबाकीचा २५ टक्के भाग द्यायला सांगितलं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २०ही नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या सरकारी आस्थापनेतल्या कर्मचाऱ्याला काढू देत नाही. खाजगी मालकाकडच्या चालकाला मात्र हे छत्र नाही, आणि असे चालकच जास्त. माझ्या मते कायद्यातलं हे मोठं भोक आहे.

आणि अपील चालू असताना स्टिअरिंगला हात लावू नका. 'जवळच तर जायचंय' नाही. विनालायसन्स चालवण्याला ५,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. अपघात झाला, तर विमा कंपनी भरपाईची रक्कम तुमच्याकडून वसूल करायला मागे लागू शकते. तेवढे दिवस दुसऱ्याला चालवू द्या.