मोजके की भरपूर?



छायाचित्रकारांत एक जुना वाद आहे. एक पक्ष म्हणतो, मोजकेच टिपा. दुसरा म्हणतो, भरपूर टिपा, त्यांतून एखादे साधेल. पहिल्याला आपण तपस्वी समजतो आणि दुसऱ्याला उधळ्या. हा निवाडा न्यायाचा आहे काय, एवढेच मला आज तपासावयाचे आहे.

पहिल्या पक्षाचा दाखला म्हणून ॲन्सेल ॲडम्स यांचे नाव घेतात. १९४१ साली अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात हर्नांडेझ या खेड्याजवळून ते मोटारीने चालले होते. डोंगरांवर चंद्र आलेला, खाली दफनभूमीतील क्रुसांवर मावळतीचे ऊन. ८ बाय १० इंच फिल्मचा अवजड कॅमेरा त्यांनी घाईघाईने उभा केला. प्रकाशमापक मात्र सापडेना. पण चंद्राचे तेज किती, हा आकडा त्यांना पाठ होता. त्यावरून हिशेब बांधून त्यांनी कळ दाबली. दुसऱ्या चित्रासाठी फिल्मची चौकट उलटवतात, तोच क्रुसांवरचे ऊन गेले! ते एकुलते एक चित्र जगभर गाजले. पण ध्यानात घ्या, दुसरे चित्र त्यांनाही हवेच होते. कामी आली ती काटकसर नव्हे. वर्षांची तयारी कामी आली.

आता रॉबर्ट फ्रँक पाहा. १९५५ पासून अमेरिकाभर हिंडून त्यांनी सुमारे २७,००० चित्रे टिपली. १९५८ साली पॅरिसमध्ये त्यांचे पुस्तक निघाले. त्यात चित्रे किती? अवघी ८३! सव्वातीनशेंमागे एक. याला उधळेपणा कसा म्हणावा? ॲडम्स यांनी कळ दाबण्यापूर्वी निवडले, फ्रँक यांनी नंतर. कोणी बी टोकून लावतो, कोणी फोकून पेरतो; पण फोकणाऱ्याला विरळणी चुकत नाही.

ती चुकविली तर काय होते? गॅरी विनोग्रँड हा मोठा कलावंत १९८४ साली वारला. मागे सुमारे २,५०० रोळ धुवावयाचेच राहिले होते. त्यांतून निवड करण्याचे काम इतरांवर येऊन पडले.

श्रोतेहो, आज मोबाइलमुळे आपण सारेच फोकून पेरणारे झालो आहोत. विरळणी मात्र कोणी करीत नाही. आजीचा एकच फोटो भिंतीवर असे आणि तो कोणाचा, हे घरातल्या पोरालाही ठाऊक असे. आपल्या नातवंडांना हजारो चेहरे सापडतील. नावे मात्र कोण सांगणार?

म्हणून माझे मागणे थोडे आहे. चित्रे हवी तितकी घ्या. पूर्वीच्या १२० क्रमांकाच्या रोळावर चौकोनी चित्रे १२ निघत. वर्षाअखेरी घरच्यांनी एकत्र बसून तेवढीच निवडावी, कागदावर छापून घ्यावी आणि पाठीमागे नाव, गाव, साल लिहावे. त्या बसण्यात जी चर्चा होईल, तीच घराची खरी आठवण.